पट्टी बदलली की ट्रॅक खराब वाजतो? मी कोणत्या क्रमाने तपासतो

आधी लक्षणं. पट्टी, म्हणजे गाण्याचा सा, वर-खाली केल्यावर तुमचा ट्रॅक (आधीच वाजवून ठेवलेलं साथीचं संगीत) यातल्या कशासारखा वाजतोय ते नीट ओळखलंत, तर निम्मं काम तिथेच होतं.

टाळ आणि झांज पाण्याखाली वाजल्यासारखे होतात, 'छन्न'च्या जागी 'श्वींश्वीं' येतं. ढोलकीची थाप बोथट होते, किंवा थापेच्या आधीच तिची पुसट सावली ऐकू येते. पेटीचा सरळ धरलेला सूर लाटेसारखा हलतो. कोरसचे आवाज पट्टी वर नेली की बाहुल्यांसारखे बारीक होतात आणि खाली आणली की जांभई देत गायल्यासारखे जाड होतात. कधी यातलं काहीच नसतं, नुसता सगळा ट्रॅक मंद होतो, वरून जाड चादर टाकल्यासारखा. कधी मधेमधे टिकटिक येते. कधी गाण्याची लांबीच बदललेली असते. कधी गायक गाताना सुरात असतो आणि ऐकताना थोडासा बाहेर, आणि अर्धा सूर इकडे-तिकडे सरकवूनही बसत नाही. आणि एक लक्षण खोलीत कळतच नाही, मंडपात कळतं: भोंग्यावर लावलं की निम्मी वाद्यं गायब.

जुळे सोलापुरात माझी रेकॉर्डिंगची छोटी खोली आहे. डिसेंबर लागला की गड्ड्याच्या यात्रेसाठी सिद्धेश्वरांची भक्तिगीतं, आषाढीच्या आधी विठ्ठलाची, आणि वर्षभर अक्कलकोटच्या स्वामींची. बहुतेक जण तयार ट्रॅक घेऊन येतात आणि बसायच्या आधी म्हणतात, "दादा, पट्टी जरा खाली घ्या." वरची सगळी लक्षणं मी त्या एका वाक्यानंतर पाहिलेली आहेत, काही तर दर महिन्याला. माझा अनुभव असा की दोष पट्टी बदलणाऱ्या प्रोग्रामचा फार कमी वेळा निघतो. तो आधीच्या फाइलमध्ये असतो, किंवा पट्टी दोन-तीनदा बदललेली असते, किंवा चुकीच्या वेळी बदललेली असते. म्हणून महागडा प्लगइन (प्रोग्रामला जोडायचं जादा साधन) घ्यायच्या आधी खालचं सगळं करून बघा. पहिल्या चार-पाच गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

आत नेमकं काय होतं

एवढं कळलं की पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळतं.

ट्रॅक दोन अर्धे सूर (अर्धा सूर म्हणजे पेटीवर लगतच्या पट्टीपर्यंतचं अंतर) खाली आणायचा तर सर्वांत साधा मार्ग म्हणजे तो हळू वाजवणं, जुना टेप सावकाश फिरवल्यासारखा. दोन अर्ध्या सुरांसाठी वेग मूळच्या सुमारे ८९ टक्क्यांवर येतो. सूर उतरतो, पण गाणं लांबतं. मग प्रोग्राम ते लांबलेलं गाणं पुन्हा मूळ लांबीत बसवतो. पहिली पायरी जवळपास निर्दोष असते. खराबी सगळी दुसऱ्या पायरीत होते, कारण तिथे आवाजाचे बारीक तुकडे करून काही गाळावे लागतात (पट्टी वर नेताना काही पुन्हा वापरावे लागतात) आणि सांधे बेमालूम जोडावे लागतात. आवाज वेगवेगळ्या कंपनांत फोडून परत जोडण्याची एक पद्धत, फेज व्होकोडर, १९६६ साली बेल लॅब्सच्या संशोधकांनी मांडली होती. आजचे बरेचसे प्रोग्राम तिच्याच सुधारलेल्या रूपांवर चालतात.

गोम तुकड्याच्या लांबीत आहे. लांब तुकडा घेतला तर पेटीचा खर्ज स्वच्छ राहतो, पण ढोलकीची थाप पसरते. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, म्हणजे सॅम्पल) ४०९६ सॅम्पलचा तुकडा म्हणजे ८५ मिलिसेकंद, आणि थापेचा कडक भाग अवघ्या काही मिलिसेकंदांचा असतो. तो एवढ्या लांब तुकड्यात विरघळतो. तुकडा छोटा घेतला तर थाप वाचते, पण खालचे सूर थरथरतात. एकाच वेळी दोन्ही हातात येत नाहीत, आणि हे कुठल्याही कंपनीच्या प्रोग्रामला चुकलेलं नाही.

१. पट्टी शून्यावर ठेवून मूळ ट्रॅक ऐका

वेळ दोन मिनिटं, खर्च शून्य. ही पायरी लोक हमखास गाळतात. पट्टीचा आकडा शून्य करा, त्या ट्रॅकवरचे सगळे प्लगइन बंद करा, चांगल्या हेडफोनवर ऐका. टाळ आधीपासूनच 'श्वींश्वीं' करत असेल तर दुखणं पट्टीचं नाही, थेट तिसऱ्या तपासणीकडे जा. टिकटिक शून्यावरही येत असेल तर ती बफरची (आवाज थोडा साठवून पुढे देण्याच्या जागेची), वायरची किंवा इंटरफेसची (माइक संगणकाला जोडणाऱ्या डब्याची) आहे. पट्टी बदलल्यामुळे मूळ दोष नेहमी मोठा होऊन ऐकू येतो आणि आपण भलतीकडे शोधत बसतो.

२. किती खाली? एकदा नाही, दोनदा विचारा

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण सोलापुरातल्या माझ्या खोलीत सर्वांत जास्त ट्रॅक याच गोंधळात वाया गेलेत.

प्रोग्राम अर्ध्या सुरात मोजतो. उणे १ म्हणजे पेटीवरची लगतची पट्टी, काळी असो वा पांढरी. आपली माणसं मात्र 'काळी एक', 'काळी दोन', 'पांढरी चार' अशी बोलतात, आणि 'दोन पट्टी खाली' म्हणताना कोणी काळ्या मोजतो, कोणी पांढऱ्या, कोणी पूर्ण सूर. काळी १ ते काळी २ हे अंतर दोन अर्ध्या सुरांचं. काळी २ ते काळी ३ मात्र तीनचं, कारण मधे पांढरी ३ आणि पांढरी ४ शेजारी-शेजारी आहेत. काळी ५ ते काळी ३ म्हणजे चार.

एका भजनी मंडळाच्या ताई काळी पाचचा ट्रॅक घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "काळी तीनला घ्या, दोनच तर खाली आहे." मी उणे २ टाकलं. ट्रॅक आला काळी चारला. त्यांनी मन लावून तीन गाणी गायली, वरच्या जागांना आवाज ताणला जात होता, मला वाटलं थकल्या असतील. घरी ऐकून त्यांचा फोन आला, अजून जड जातंय म्हणून. तेव्हा मी घाईत अख्खं प्रोजेक्ट, त्यांच्या आवाजासकट, आणखी उणे २ केलं. त्यांचा मोकळा, धारदार आवाज जाडसर आणि परका झाला. ऐकून त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. पुढच्या आठवड्यात पहिल्यापासून सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं, मूळ ट्रॅकवरून एकदम उणे ४ घेऊन.

तेव्हापासून मी पेटी समोर ठेवतो. गायकाला म्हणतो, तुमचा सा वाजवून दाखवा. मग ट्रॅकचा सा मी वाजवतो. दोन्ही पट्ट्यांवर बोट ठेवून एकीवरून दुसरीपर्यंत किती पट्ट्या सरकावं लागतं ते मोजतो. आणि गाण्यातली सर्वांत वरची ओळ नवीन पट्टीत एकदा गाऊन घेतो, मुखडा नव्हे. मुखडा कोणत्याही पट्टीत गाता येतो, खरा कस अंतऱ्यात लागतो.

गायकाचा रेकॉर्ड झालेला आवाज शक्यतो सरकवूच नका. गळ्याच्या आणि तोंडाच्या पोकळीमुळे आवाजाला जो रंग येतो, त्याला फॉर्मंट म्हणतात. माणूस वरचा सूर गातो तेव्हा त्याची पोकळी त्या प्रमाणात लहान होत नाही. प्रोग्राम मात्र सूर आणि रंग दोन्ही एकत्र सरकवतो, म्हणून बाहुलीचा आवाज येतो. 'प्रिझर्व्ह फॉर्मंट' पर्यायाने बराच फरक पडतो, तरी सरकवलेला आवाज जाणकार कानाला कळतोच. ट्रॅक सरकवा आणि माणसाला त्याच्या पट्टीत गाऊ द्या.

३. फाइल आली कुठून

"चांगला ट्रॅक आहे, वेव्ह फाइल आहे" असं म्हटलं तरी विश्वास ठेवू नका. एमपीथ्रीला नाव बदलून किंवा रूपांतर करून वेव्ह केलं तरी गेलेलं परत येत नाही. एमपीथ्री करताना कानाला ऐकू येणार नाही असं वाटणारं काढून टाकतात, म्हणजे एका मोठ्या आवाजाखाली झाकलेले बारीक आवाज. तो हिशोब मूळ पट्टीसाठी केलेला असतो. पट्टी सरकवली, तुकडे इकडे-तिकडे झाले, की झाकण हलतं आणि खालची मोडतोड उघडी पडते. म्हणूनच जो ट्रॅक तसा ऐकताना ठीक वाटतो तोच उणे २ वर खरखरतो.

तपासायला स्पेक्ट्रम (आवाजात कोणती कंपनं आहेत याचं चित्र) बघा. ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम दृश्य निवडा. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्रीत बहुधा १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसते आणि तिच्या वर काळोख असतो. तो ट्रॅक दोन अर्धे सूर खाली आणला की ती रेघही सव्वाचौदा किलोहर्ट्झपर्यंत उतरते. चादर टाकल्यासारखा आवाज येतो तो यामुळे. इक्वलायझरने वरचा भाग कितीही उचला, जिथे काहीच नाही तिथे खरखर सोडून काय येणार?

इलाज स्वस्त आहे: ज्याच्याकडून ट्रॅक आला त्याच्याकडे मूळ फाइल मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर मागत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. ट्रॅक व्हिडिओ म्हणून आला तर तो दाबलेलाच येतो. विकत घेतलेला कराओके असेल तर विकणाऱ्याकडे तोच ट्रॅक तुमच्या पट्टीत मिळतो का विचारा. बऱ्याचदा त्याच्याकडे मूळ प्रोजेक्ट असतं आणि थोड्या पैशांत काम होतं.

४. पट्टी आधीच बदललेली तर नाही?

सोलापूरच्या पूर्व भागातला एक तरुण मुलगा आला होता. रात्रपाळी करून, यंत्रमागाचा आवाज कानात घेऊन, तरी गायला ताजातवाना. त्याचा ट्रॅक भयंकर वाजत होता. विचारत विचारत मागे गेलो. मित्राने मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये ट्रॅक उणे ३ केला, तो वाजवत दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्ड केला, पाठवला. याला ते फारच खाली वाटलं म्हणून याने दुसऱ्या अ‍ॅपमध्ये अधिक १ केलं. आणि मी त्यावर आणखी अर्धा सूर चढवायच्या तयारीत होतो. म्हणजे तीन वेळा तुकडे, तीन वेळा सांधे, आणि शेवटी मूळपासून फरक फक्त उणे १! मूळ फाइल मिळवली, एकदाच उणे १ केलं, टाळ पुन्हा टाळासारखे वाजले. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद अजून डोळ्यांसमोर आहे.

नियम एकच: पट्टी मूळ फाइलवरून एकदाच बदलायची. उणे २ केल्यावर उणे ३ हवं असं कळलं तर उणे २ च्या फाइलला उणे १ करू नका. मूळ परत आणा आणि उणे ३ करा. रीपर, क्युबेस, एबलटन या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये क्लिपवरचा (ट्रॅकवर ठेवलेल्या आवाजाच्या तुकड्यावरचा) आकडा बदलला की प्रोग्राम दर वेळी मूळ फाइलवरूनच हिशोब करतो, त्यामुळे आकडा हवा तितक्यांदा बदला, नुकसान नाही. ऑडॅसिटीतला 'चेंज पिच' इफेक्ट मात्र थेट आवाजावर लागतो. तिथे आधी अनडू करायचं आणि मगच नवा आकडा द्यायचा. त्या खिडकीतल्या 'हाय क्वालिटी स्ट्रेचिंग'च्या चौकटीत खूणही करा.

हेही बघा: क्लिपला आकडा दिलाय, शिवाय ट्रॅकवर पिचचा प्लगइन आहे, शिवाय मास्टरचा, म्हणजे अख्ख्या प्रोजेक्टचा, वेग कोणीतरी हलवून ठेवलाय असं तर नाही? माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये हे तिन्ही एकत्र सापडलेले आहेत.

५. ४४.१ की ४८?

सूर वर आणि गाणं छोटं, किंवा सूर खाली आणि गाणं लांब, अशी जोडी दिसली की पहिला संशय सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल त्यावर. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ च्या घड्याळावर वाजली की सूर साधारण दीड अर्ध्या सुराने चढतो आणि ४ मिनिटांचं गाणं सुमारे ३ मिनिटं ४० सेकंदांत संपतं. दीड, म्हणजे ना इकडचं ना तिकडचं. काळी एकचा ट्रॅक पांढरी दोन आणि काळी दोनच्या बरोब्बर मधे लटकतो. तुम्ही अर्धा-अर्धा सूर सरकवत बसता आणि पेटीशी ते कधीच जुळत नाही.

प्रोजेक्टचा रेट आणि इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमधला रेट एकच आहे का बघा. प्रोग्राम आत आणलेली फाइल स्वतःहून योग्य रेटला आणतो, ती काळजी नको. पण व्हिडिओचं काम करून कोणी इंटरफेस ४८ वर सोडला असेल आणि प्रोजेक्ट ४४.१ चं असेल तर गडबड होते. मी सगळं ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवतो. दोन-तीन अर्ध्या सुरांसाठी ९६ ला जाऊन मला तरी कानाला पटेल असा फायदा मिळालेला नाही.

६. योग्य पद्धत निवडा

अजून पैसे लागलेले नाहीत. रीपरमध्ये क्लिप निवडून एफ-२ दाबा, पिचचा आकडा आणि त्याखाली पद्धत दिसते. पूर्ण ट्रॅकसाठी इलास्टिक प्रो. एकट्या आवाजासाठी किंवा एकट्या बासरीसाठी इलास्टिक सोलोइस्ट, कारण ती एका वेळी एकच सूर आहे असं गृहीत धरते. तीच पद्धत पूर्ण ट्रॅकला लावली तर ट्रॅक चिंध्या होऊन वाजतो. 'सिंपल विंडोड' ही हलकी आणि झटपट आहे, अंतिम कामाला घेऊ नका.

एबलटनमध्ये पूर्ण ट्रॅकसाठी 'कॉम्प्लेक्स प्रो', नुसत्या तालवाद्यांना 'बीट्स'. तिथे आणखी एक फसगत आहे. लांब फाइल आत आणली की प्रोग्राम तिची लय स्वतः ओळखतो, आणि तो अंदाज चुकला तर पट्टीबरोबर लयही ताणली जाते, दुप्पट नुकसान. प्रोजेक्टचा टेम्पो मूळ गाण्याच्या टेम्पोइतकाच ठेवा. वार्प (लय ताणण्याची सोय) बंद करून पट्टी बदललीत तर वेगही बदलतो, हे लक्षात असू द्या.

७. आधी रेंडर करा, मग गायकाला माइकपुढे उभं करा

हे मला फार उशिरा उमजलं. पट्टीचा प्लगइन चालू ठेवून त्यावरच रेकॉर्ड करत राहिलो तर तीन त्रास होतात. प्लगइनला विचार करायला वेळ लागतो, तेवढा वेळ प्रोग्राम बाकी सगळं थोपवून धरतो आणि गायकाचा स्वतःचा आवाज त्याच्या कानात उशिरा येतो. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण ५ मिलिसेकंद, ते चालतं. १०२४ म्हणजे २१, तिथे चांगला गायकही अडखळतो. वर प्लगइनची भर. दुसरं, संगणकावरचा ताण वाढतो आणि टिकटिक येते. मग ती टिकटिक घालवायला बफर वाढवता आणि उशीर अजून वाढतो. तिसरं, तुम्ही लाउडस्पीकरमधून किंवा वायरने 'वाजवून रेकॉर्ड' करत असाल तर आवाज विनाकारण एकदा अ‍ॅनालॉग होऊन परत डिजिटल होतो.

म्हणून पट्टी ठरली की ट्रॅक रेंडर करा, म्हणजे बदललेल्या पट्टीची नवी फाइल बनवून घ्या. वाजवून नाही, फाइल टू फाइल. २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट वेव्ह. ती फाइल नव्या ट्रॅकवर ठेवा, जुना ट्रॅक म्यूट करून तिथेच राहू द्या. रेंडर करण्याआधी पातळी ६ डेसिबल खाली घ्या, कारण पट्टी बदलताना लहरींची जुळणी बदलते आणि शिखरं मूळपेक्षा उंच जाऊ शकतात. कराओके ट्रॅक आधीच कमाल पातळीला दाबलेले असतात, तिथे हमखास फाटतं. आता बफर १२८ वर आणा, साध्या वायरचे हेडफोन द्या. ब्लूटूथवर गाऊन घेऊ नका, त्यात स्वतःचाच मोठा उशीर असतो.

फाइलच्या नावात आकडा लिहा: 'मूळ काळी ५, उणे ४'. सहा महिन्यांनी तेच मंडळ परत येतं.

८. डावं-उजवं वेगळं सरकवलंय का

मंडपातल्या भोंग्याचं लक्षण इथलं. स्टीरिओ ट्रॅकच्या डाव्या-उजव्या बाजू दोन वेगळ्या मोनो (एकाच बाजूच्या) फाइल म्हणून आल्या आणि दोन्ही वेगळ्या सरकवल्या, तर दोघांचे सांधे वेगळ्या जागी पडतात. हेडफोनवर ते रुंद आणि छान वाटतं. मोनोत एकत्र आलं की एकमेकांना खाऊन टाकतं. आपल्याकडचे यात्रेतले बरेच स्पीकर मोनोच जोडलेले असतात. दोन्ही बाजू आधी एका स्टीरिओ फाइलमध्ये बांधा, मग सरकवा. आणि पाठवण्याआधी मास्टरचं मोनो बटण दाबून एकदा ऐका. एकाच ढोलकीला दोन माइक लावले असतील तरी हाच नियम.

९. गुणगुण आधी काढा, पट्टी नंतर

जुन्या कार्यक्रमाचं लाइव्ह रेकॉर्डिंग सरकवायचं असेल तर हे विसरू नका. विजेची गुणगुण ५० हर्ट्झची असते, आणि तिची भावंडं १००, १५० वर. गुणगुण काढणारी साधनं तिथेच शोधतात. उणे २ केल्यावर ती ५० वरून साडेचव्वेचाळीसवर गेलेली असते, साधन रिकाम्या जागी सुरी चालवतं आणि गुणगुण तशीच राहते. पंख्याच्या घरघरीचंही तेच, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पंखा बंद करून रेकॉर्डिंग करणं कोणाला जमलंय?

१०. थोडासाच बेसूर असेल तर वेग बदला

देवळातली पेटी घेऊन मंडळ येतं. पेटी आणि ट्रॅक दोन्ही काळी दोनचे, तरी एकत्र वाजवले की कानाला टोचतं. मोबाइलवरच्या ट्यूनरसमोर मधल्या सप्तकातली पांढरी सहा वाजवा. ४४० हर्ट्झ यायला हवं. एका पेटीवर ४४६ च्या थोडं वर आलं, म्हणजे ती सुमारे २५ सेंट चढी होती. शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर.

इथे पट्टी बदलण्याचं साधन वापरूच नका. ट्रॅकचा वेगच वाढवा, 'प्रिझर्व्ह पिच'ची खूण काढून. २५ सेंटसाठी दीड टक्क्याहून किंचित कमी. ४ मिनिटांच्या गाण्यात साडेतीन सेकंदांचा फरक पडतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. पुन्हा मूळ लांबीत बसवण्याची दुसरी पायरी मुळी होतच नाही, त्यामुळे तुकडे नाहीत, सांधे नाहीत, टाळ अगदी मूळचेच राहतात. संथ अभंगाला अर्धा सूर खाली आणायचा असेल तरी मी आधी हे करून बघतो. ५ मिनिटांचं गाणं ५ मिनिटं १८ सेकंदांचं होतं, आणि बरेच गायक उलट म्हणतात की आता शब्दाला जागा मिळाली.

११. सुटे ट्रॅक मिळाले तर

सुटे म्हणजे प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक. हे मेहनतीचं, पण याच्याइतकी शुद्धता दुसऱ्या कशात नाही. मिडीवर (कोणता सूर कधी, याची नुसती नोंद) वाजवलेले भाग नुसते ट्रान्सपोज करा, तिथे आवाज नव्याने तयार होतो, काहीच बिघडत नाही. तानपुरा सरकवू नका, नव्या पट्टीत नवा लावा. त्याच्यासारखं दाट आणि सलग वाद्य तुकड्यांत सर्वांत आधी उघडं पडतं. हलगी, झांज, ड्रमसेट जागच्या जागी राहू द्या. तबला मात्र तसा सोडता येत नाही, दायाँ (उजव्या हाताचा तबला) गाण्याच्या सा मध्ये मिळवलेला असतो. पट्टी बदलली आणि दायाँ जुन्या सुरात राहिला तर गाणं कायम कुठेतरी खुपत राहतं. एक तर तो सरकवा आणि बोथटपणा सोसा, किंवा वादकाला बोलावून तेवढाच पुन्हा वाजवून घ्या. मी दुसरं सुचवतो. एका तासाचं काम असतं.

सुटे ट्रॅक नसतील तर तयार गाण्यातून वाद्यं वेगळी करणारी साधनं आहेत, २०१९ मध्ये डीझर या संगीत कंपनीने मोफत खुलं केलेलं स्प्लीटर त्यातलंच एक. ताल वेगळा काढून बाकीचं सरकवता येतं. पण वेगळं करतानाही अवशेष राहतात, त्यामुळे हा नाइलाजाचा मार्ग समजा.

कुठे थांबायचं

मूळपासून दोन अर्ध्या सुरांपर्यंत चांगली फाइल बिनधास्त सरकते. तीनला कान देऊन ऐकावं लागतं. चारच्या पुढे मी तयार ट्रॅकवर काम घेतच नाही. पुरुषाच्या काळी एकच्या ट्रॅकवर काळी चारला गाणाऱ्या ताईंना गायचं असेल तर वर सात किंवा खाली पाच सरकवावं लागेल, आणि ते कुठल्याच साधनाने देखणं होणार नाही. तिथे संगीत संयोजकाकडे जा आणि ट्रॅक नव्याने करून घ्या. पैसे लागतील, पण त्यांचा आवाज तेवढा मोलाचा आहे.

पट्टी शून्यावर, बफर वाढवून, यूएसबीची वायर आणि पोर्ट बदलूनही टिकटिक जात नसेल, तर इंटरफेस दुसऱ्या संगणकाला लावून बघा. तिथेही आली तर तो दुरुस्तीला द्या, स्वतः उघडू नका.

माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक शॉक बसला, तर त्या क्षणी रेकॉर्डिंग बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. गुणगुण जाते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे मी पाहिलेत. ते कृपा करून कधीही करू नका, अशाने माणूस जातो.

आणि गेलेल्या माणसाच्या आवाजाची जुनी कॅसेट असेल, सूर मधेच चढत-उतरत असेल, तर घरच्या डेकवर पुन्हा पुन्हा वाजवून बघू नका. फीत प्रत्येक फेरीत झिजते. टेपचं काम जाणणाऱ्याकडे एकदाच नेऊन चांगल्या यंत्रावर उतरवून घ्या. त्याच्याकडे किंवा कोणत्याही इंजिनियरकडे जाताना सरकवलेली फाइल नेऊ नका. मूळ न्या, आणि कागदावर दोन गोष्टी लिहून न्या: ट्रॅक कोणत्या पट्टीत आहे आणि गायकाचा सा कुठे आहे.